पाळीचा ताप

मोबाइल शोधू नका. इथे रेंज नाही, खिसाही नाही. कमरेला पंचा, अंगावर दोन घोंगड्या, आणि दात असे वाजताहेत की माजघरात दळणारी बाई जातं थांबवून बघते. तुम्ही मालगुंडात आहात, साल १८६६, श्रावण. गवताच्या छपरावर पाऊस, त्यामागे समुद्राची गाज. घोंगडीचा ओला वास, ओल्या लाकडाचा धूर, गोठ्यातलं शेण, दिव्यातलं उंडीचं तेल, सगळं एकदम नाकात शिरतं. याच वर्षी गावात दामल्यांकडे मुलगा जन्मतो, पुढचे केशवसुत. पण तुमची पडवीपर्यंत जायचीही ताकद नाही.

"शुद्धीवर आलास का रे?"

ही आजी तुमची नेमकी कोण, ते विचारू नका. चुलीवर किराईत उकळतंय. आठ वाट्या पाणी आटून एक वाटी उरली, की झाला अष्टमांश काढा. पहिला घोट घेताच डोळे आपोआप मिटतात, मान शहारते, आणि कडूपणा कानांच्या मुळाशी जाऊन बसतो.

"थुंकलास तर दुसरी वाटी आहे. गिळ मुकाट्यानं."

मग गुळाचा खडा. चिमणीच्या दाण्याएवढा.

एव्हाना पडवी भरलीय. लावणीच्या चिखलानं भेगाळलेले पाय घेऊन दोघी बसल्यात. त्यांच्यासाठी कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मुठेल, पळीत वितळतंय. गरम तेल भेगेत उतरतं तशी एकजण दात-ओठ खाते, दुसरी हसते. कुणाला बिब्बा उतलाय, गाल सुजून डोळा मिटलाय. त्याच्यावर खोबरं चोळणं चाललंय आणि 'कुणी सांगितलं होतं हात लावायला' हेही. एक आई पोराला कडेवर घेऊन आलीय. त्याला आव पडतेय, पोटात मुरडा. आजी सहाणेवर ताक शिंपडून कुड्याच्या मुळाची साल उगाळते. खर्रर्र, खर्रर्र. पोर तोंड घट्ट मिटतं. चौघी मिळून उघडतात.

इथे आजीला दाद द्या. त्या सालीत कोनेसीन आहे, आवेच्या अमीबाला मारणारं. पुढे डॉक्टरांनीही ते वापरलं. तिला यातलं काही माहीत नाही. कुडा दिला की पोरं सावरतात, एवढं तिनं पाहिलंय.

पण तुमचं काय? तिसऱ्या प्रहरी हुडहुडी ओसरते, अंग भट्टीसारखं तापतं, कुणाचं तरी लुगडं चाटून गेलं तरी कातडी दुखते. मग घामाचा लोंढा. पंचा पिळून काढावा लागतो. डोकं हलकं, चक्क भूक. आजी कपाळावर हात ठेवते आणि पडवीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "किराईत लागू पडलं हो!"

काय सांगणार तिला? हिवताप काढा घेतला तरी असाच उतरतो आणि न घेतला तरीही. किराईतातलं अँड्रोग्राफोलाइड दाहावर काम करतं असं पुढे प्रयोगशाळा म्हणतील. हिवतापाचा जंतू मात्र मरतो तो दुसऱ्याच कडू सालीनं. ते झाड दक्षिण अमेरिकेतलं, सिंकोना. १८२० मध्येच पॅरिसला त्यातून क्विनीन वेगळं काढलं गेलंय. रत्नागिरीच्या दवाखान्यात असेलही ते, पण मध्ये खाडी, वर हा पाऊस. कडू ते ताप मारतं, हा आजीचा हिशेब या एका सालीपुरता खरा होता म्हणा. झाड तेवढं हाताशी नव्हतं.

मऊ भात येतो, वर तूप, कडेला लोणच्याची फोड. तुम्ही बोटं चाटून खाता. आजी खूश.

उद्या तुम्ही ठणठणीत असाल, आगरात फिरालही. परवा मात्र साधारण याच वेळी पाठीच्या कण्यातून गार काहीतरी सरकेल, नखं निळी पडतील, आणि आजी न बोलता चुलीवर आठ वाट्या पाणी ठेवेल.