एका पूर्णविरामरहित वाक्याचा जीर्णोद्धार

कागदास वाळवी लागते, शाई फिकी पडते, परंतु संगणकांत एकदां नोंदलेलें अक्षर अक्षय राहतें, असा समज पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्या मंडळींतहि आढळतो. हा समज चुकीचा आहे, हें दाखविणारें एक उदाहरण संशोधकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचा चरितार्थ संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यावर चालतो आणि जुन्या कागदांचा नाद आम्हांस पूर्वींपासून आहे. म्हणून या प्रकरणाच्या दोन्ही बाजू आम्हांस जवळच्या वाटतात.

(१) हकीकत.– अमेरिकन कलावंत डग्लस डेव्हिस यानें १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील लेहमन कॉलेजच्या कलादालनासाठीं ‘जगांतील पहिलें सामुदायिक वाक्य’ या अर्थाच्या नांवाची एक कृति इंटरनेटवर मांडली. कोणीहि यावें, आपला मजकूर जोडावा, मात्र पूर्णविराम देऊं नये, एवढाच नियम होता. १९९५ सालीं ही कृति त्याच शहरांतील व्हिटनी संग्रहालयास देणगीदाखल मिळाली. लोकांनीं घातलेली भर २,००,००० च्या वर गेली. पुढें यंत्रें बदललीं, मजकूर स्वीकारणारी जुनी आज्ञावली चालेना, आणि ज्या वाक्यास पूर्णविराम वर्ज्य होता त्यास तो न मागतां मिळाला. मजकुरांतून बाहेरच्या पानांकडे नेणारे पुष्कळ दुवेहि मृत झाले होते.

जीर्णोद्धार हातीं घेतांच जो प्रश्न उभा राहिला, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे: मूळ म्हणजे काय? दुवे व आज्ञावली दुरुस्त करावी तर जुना लेख राहत नाहीं. न करावी तर लेख राहतो, पण न संपणारें वाक्य संपतें. संग्रहालयानें २०१३ सालीं दोन प्रती सिद्ध केल्या. एक ऐतिहासिक प्रत, तुटलेल्या दुव्यांसह जशीच्या तशी गोठविलेली. दुसरी चालू प्रत, नव्या यंत्रांस समजेल अशी करून लिहिणारांस पुनः मोकळी केलेली. डेव्हिस २०१४ च्या जानेवारींत वारला.

(२) लिपीचा घोटाळा.– या वाक्यांत कोरियन मजकूरहि होता; तो निरर्थक चिन्हांच्या रांगांसारखा दिसूं लागला. याचें कारण असें कीं, संगणक अक्षर न सांठवितां अंक सांठवितो, आणि कोणत्या अंकास कोणतें अक्षर हें वेगळ्या कोष्टकावरून ठरतें. अंक शाबूत असून कोष्टक चुकलें तर लेख वाचतां येत नाहीं. मोडी न जाणणाऱ्याच्या हातीं रुमाल पडावा तसाच हा प्रकार होय. अशा वेळीं अंकांस हात न लावतां योग्य कोष्टक शोधणें, हेंच खरें काम.

(३) आपल्याकडील अनुभव.– देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ सालींच स्थान मिळालें होतें. तरी पुढें कित्येक वर्षें मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांतच लिहिला जाई. त्या टंकांत पहिली वेलांटी, जशी दिसते तशी, व्यंजनाच्या आधीं नोंदत. युनिकोडांत ती व्यंजनानंतर येते. आमच्या एका दिवंगत स्नेह्यानें केलेलें मोडी पत्रांचें लिप्यंतर आम्हीं नव्या पद्धतींत उतरविलें, तेव्हां ही अदलाबदल सर्वत्र नीट झाली नाहीं. ‘हरिपंत’ याचा ‘हिरपंत’ झाला! कांहीं ठिकाणीं आम्हीं हातानेंहि सुधारणा केल्या, आणि काम संपलें असें समजून जुनी प्रत पुसून टाकली. आतां कोणता पाठ स्नेह्याचा व कोणता आमच्या प्रमादाचा, हें सांगणें अशक्य झालें आहे; कारण मूळ पत्रेंहि मधल्या काळांत वाळवीनें खाल्लीं. दोष सर्वस्वीं आमचा आहे व तो येथें नमूद करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

(४) निष्कर्ष.– भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना संपादकांनीं स्वीकारलेला पाठ वर दिला व पाठभेद तळाशीं नोंदले. वाचकास संपादकाचा निर्णय तपासण्याची सोय ठेवली. संगणकीय लेखांसहि हाच दंडक लागू करावा असें आमचें मत आहे. मूळ नोंद, ती वाचण्याचें कोष्टक आणि सुधारलेली प्रत हीं तिन्ही वेगळीं ठेवावींत. केलेला प्रत्येक फेरफार तारखेसह लिहावा. आणि नवी प्रत कितीहि शुद्ध वाटली तरी जुनी नष्ट करूं नये. व्हिटनी संग्रहालयानें तुटके दुवे तुटकेच जतन केले, यांत आळस नसून विवेक आहे.

ज्यांच्या संग्रहीं जुन्या टंकांतील लिप्यंतरें किंवा याद्या असतील, त्यांनीं त्या आज वाचतां येत नाहींत म्हणून टाकून देऊं नयेत, एवढीच विनंति आहे. वाचणारा उद्यां मिळेल. पुसलेलें मात्र मिळणार नाहीं.