बीटलच्या क्लचमधली एक नळी

आपल्या कोल्हापुरात जुनी गाडी नुसती झाकून ठेवत नाहीत, चालवतात. छत्रपती घराण्याची मेबॅक आजही दसऱ्याला दसरा चौकात येते. ती पाण्याने थंड होणारी. आजची गोष्ट हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलची.

बीटलचं इंजिन मागे. क्लच दाबला की केबल फोर्क फिरवते, आणि फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटवर दाबतो. 1970 पर्यंतच्या मॉडेलमध्ये बेअरिंग फोर्कलाच क्लिपांनी अडकवलेलं असायचं. फोर्क फिरतो गोलाईत, म्हणून बेअरिंगही किंचित कलायचं. ते झेलायला प्लेटच्या मधोमध एक कडी असायची. 1971 च्या मॉडेलपासून कंपनीने गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती नळी बसवली. बेअरिंग तिच्यावरून सरळ सरकू लागलं आणि कडीची गरज संपली.

जुन्या गाडीला ही नळी बसवायचं किट आज मिळतं. पण फोर्क आणि प्लेटही त्याच पिढीची हवी. जुनं बेअरिंग, बिनकडीची प्लेट असली मिसळ क्लचमध्ये चालत नाही! मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे व्हर्जन जुळलं नाही तर एरर येतो. इथे अख्खं इंजिन परत खाली उतरवावं लागतं.

‘मग गाडी ओरिजिनल कुठं राहिली?’ असं कुणी विचारेल. मला विचाराल तर, ही सुधारणा कंपनीनेच केलेली आहे, आणि गाडी रस्त्यावर राहणं जास्त महत्त्वाचं. फक्त काढलेले पार्ट भंगारात देऊ नका. 1970 पर्यंतचा इतिहास त्यांच्यातच आहे.