जाणून घ्या : जेवणातून विषबाधा झाली, तर नेमका दोष कशाचा हे कसं शोधतात?

गावजेवण होतं आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी उलट्या-जुलाब सुरू होतात. लगेच चर्चा रंगते, "खवा खराब होता", "नाही, पाणीच खराब होतं". पण अंदाजाने बोट दाखवलं तर भलत्याचंच नुकसान होतं. जर्मनीत २०११ साली हेच घडलं.

आळ काकडीवर

मे २०११ मध्ये उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबाची साथ आली. जंतू होता ई. कोलाय. त्याची ही जात इतकी घातक, की शेकडो रुग्णांच्या किडनीवर परिणाम झाला. जर्मनीत ५३ जण दगावले. बरेच रुग्ण कच्ची काकडी, टोमॅटो खाल्ल्याचं सांगत होते. हॅम्बर्गच्या आरोग्य विभागाने स्पेनहून आलेल्या काकडीचं नाव घेतलं. काही दिवसांतच तपासणीत कळलं, काकडीवरचा जंतू वेगळाच आहे. तोवर भाजीचा बाजार पडला होता. शेतकऱ्यांसाठी युरोपीय संघाला २१ कोटी युरोंची मदत जाहीर करावी लागली.

दोष निघाला मोडांचा

सॅलडवर पेरलेले मोड फार थोड्या रुग्णांना आठवत होते. म्हणून तपास पथकाने एका हॉटेलात जेवलेल्या गटांना कोणता पदार्थ मागवला ते विचारलं आणि त्यात काय काय पडतं ते आचाऱ्याकडून लिहून घेतलं. ज्यांच्या ताटात मोड होते, त्यांच्यात आजाराचं प्रमाण इतरांच्या १४ पट निघालं. मालाचा माग काढला, तर ४१ ठिकाणच्या रुग्णांचा धागा मोड तयार करणाऱ्या एकाच फार्मवर पोचला. जूनमध्ये फ्रान्समधल्या बोर्दो भागातही तीच साथ आली. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती, ती म्हणजे इजिप्तहून आलेलं मेथीचं बी. बियाच्या तपासणीत जंतू सापडला नाही. माग लागला तो खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून.

आपल्या गावात असं झालं तर

• उरलेलं अन्न फेकू नका. कोणी खाणार नाही असं झाकून वेगळं ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा.
• कोणी काय खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, याची यादी करा. जे आजारी पडले नाहीत त्यांचीही नावं लिहा. त्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच दोषी पदार्थ कळतो.
• दूध, खवा, पनीर, किराणा कुठून आणला, त्याची बिलं जपून ठेवा.
• जुलाब होत असतील तर ओआरएस सुरू करा. शौचातून रक्त जात असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि मोडांचं काय? मोड ओलाव्यात आणि उबेत येतात, जंतूही त्यातच वाढतात. म्हणून मेथी असो की मटकी, मोड कच्चे खाण्यापेक्षा नीट शिजवून उसळ केलेली बरी.