थळभरीत आणि थळमोड : परदेशी पार्सलावरील जकातीची पूर्वपीठिका

१

परदेशातील दुकानातून संगणकाच्या अथवा दूरध्वनीच्या पडद्यावर वस्तू मागविणे ही आता नित्याची बाब झाली आहे. वस्तूचे मूल्य देऊन झाले म्हणजे व्यवहार पुरा झाला, अशी ग्राहकाची समजूत असते. परंतु काही दिवसांनी टपालवाला किंवा कुरिअरचा मनुष्य दारी येतो आणि आणखी काही रकमेची मागणी करतो. ही रक्कम कशाची, ती कोणी ठरविली आणि ती विकणाऱ्याकडून का घेतली नाही, असे प्रश्न त्या वेळी साहजिकच उद्भवतात. ग्राहकाच्या लेखी जी 'खरेदी', ती कायद्याच्या लेखी 'आयात' होय. आणि ज्या क्षणी माल देशाच्या सीमेच्या आत येतो, त्या क्षणी घरबसल्या पुस्तक किंवा घड्याळ मागविणारा गृहस्थ आयातदार ठरतो. ज्या शब्दाने त्याने स्वतःस कधी संबोधिले नाही, त्या शब्दाची सारी देणी त्याच्यावर येऊन पडतात.

हा प्रश्न नव्या यंत्रयुगाने निर्माण केला असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः तो फार जुना आहे. जकात माल भरण्याच्या ठिकाणी घ्यावी की माल उतरविण्याच्या ठिकाणी, ती कोणाकडून घ्यावी आणि कोणता माल क्षुल्लक समजून सोडून द्यावा, या तीन गोष्टींचा निर्णय प्रत्येक राज्यसंस्थेस करावा लागला आहे. मराठीतील जुनी जकातविषयक परिभाषा या निर्णयांचा चांगला साक्षीदार आहे. म्हणून प्रथम तिचा विचार करून मग अर्वाचीन इतिहासाकडे वळणे युक्त होईल.

२

'जकात' हा शब्द मूळ अरबी. इस्लाम धर्मात श्रद्धावान मनुष्याने आपल्या संपत्तीतून द्यावयाचा दानधर्म, असा त्याचा अर्थ. फारसीच्या द्वारे हा शब्द दख्खनच्या राजव्यवहारात आला, तेव्हा त्याचा धार्मिक अर्थ गळून पडला आणि मालाच्या ने-आणीवरील कर एवढाच अर्थ मराठीत रूढ झाला. धार्मिक दानाचा वाचक शब्द मालावरील कराचा वाचक व्हावा, हे अर्थांतर लक्षणीय आहे. त्याच्या जोडीस 'मांडवी' हा दुसरा शब्द घ्यावा. मध्ययुगीन शिलालेखांत जकातीच्या ठाण्यास 'मंडपिका' म्हटले आहे. तिचेच मांडवी हे मराठी रूप असून मुंबईतील एका जुन्या विभागाच्या नावात ते आजही टिकून आहे.

पेशवाईच्या कारभारात व्यापारावरील करांना जी नावे होती, त्यांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाची आहेत. माल जेथे भरला जाई तेथे घ्यावयाची जकात ती 'थळभरीत' आणि माल जेथे विकला जाई तेथे घ्यावयाची ती 'थळमोड'. 'थळ' म्हणजे स्थळ. 'मोडणे' या क्रियापदाचा येथील अर्थ विकून टाकणे असा आहे. दागिना मोडणे या प्रयोगात तो अद्यापि जिवंत आहे. आज अर्थशास्त्रज्ञ उगमस्थानी करआकारणी आणि गंतव्यस्थानी करआकारणी अशी दोन तत्त्वे सांगतात. तीच विभागणी आपल्या कारकुनांनी दोन सुटसुटीत शब्दांत करून ठेविली होती. पुढील विवेचनात हेच दोन शब्द वापरावयाचे योजिले आहे.

जकात केवळ खजिना भरण्यासाठी नसते, याची जाणीवही त्या काळी होती. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचा अधिकारी नरहरी आनंदराव यास लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडल्यामुळे व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठागरे बुडतील, असे दिसताच बाहेरील मीठ महाग पडेल इतकी जबर जकात बसविण्याची आज्ञा त्यात आहे. परक्या मालाच्या स्वस्ताईपासून घरच्या उत्पादकास संरक्षण देणे, हा हेतू येथे स्पष्ट आहे. गेल्या दशकात युरोप-अमेरिकेत लहान पार्सलांविषयी जे वाद झाले, त्यांतही युक्तिवादाचा हाच गाभा आहे.

३

याहून मागे जाऊन कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील शुल्काध्यक्षाविषयीची प्रकरणे पाहावीत. नगराच्या महाद्वारापाशी शुल्कशाळा आणि ध्वज उभारावा. तेथे चार-पाच अधिकाऱ्यांनी आलेल्या व्यापाऱ्यांची नोंद करावी. ते कोण, कोठून आले, माल किती आणि त्यावर ओळखीची मुद्रा कोठे झाली, हे विचारावे, असे तेथे सांगितले आहे. आज परदेशी टपालाच्या पार्सलावर जे हिरवे जकातपत्रक चिकटविलेले असते, त्यातील रकाने जवळजवळ हेच आहेत : पाठविणारा, वस्तू, वजन, मूल्य.

शुल्क चुकविण्याच्या हेतूने मूल्य कमी सांगणाऱ्याचा सांगितल्याहून अधिक निघालेला भाग राजाने घ्यावा अथवा त्याच्याकडून शुल्काच्या आठपट रक्कम घ्यावी, असाही तेथे दंडक आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः मूल्याचा पाचवा भाग शुल्क सांगितले आहे. परंतु विवाहासाठी नेलेली वस्तू, वधूने माहेराहून आणलेले धन, यज्ञ, जातकर्म, उपनयन इत्यादी कार्यांसाठीचे साहित्य यांना शुल्कातून मोकळीक आहे. या सवलतीचा खोटा आश्रय घेणाऱ्यास मात्र चोराचा दंड सांगितला आहे. म्हणजे व्यापाराचा माल आणि भेटीचा माल हा भेद करताक्षणीच त्या भेदाचा गैरफायदा घेतला जाईल, हे ग्रंथकारास पुरते ठाऊक होते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

४

इंग्रजी अमलात देशांतर्गत वाहतुकीवरील जकाती १८३६ ते १८४४ या काळात तीनही इलाख्यांतून क्रमाक्रमाने उठल्या. समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी १८७८ चा सागरी सीमाशुल्क अधिनियम झाला आणि त्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाने घेतली. तो १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. नगरांच्या वेशीवरची जकात मात्र महाराष्ट्रात दीर्घकाळ टिकली. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना संपली. 'जकात नाका' हे स्थलनाम तेवढे मागे उरले.

याच शतकांत टपालाने जकातीपुढे एक नवीनच अडचण उभी केली. १८७४ साली बर्न येथे जागतिक टपालसंघाची स्थापना झाली. १८७६ मध्ये हिंदुस्थान त्यात सामील झाला आणि १८८० मध्ये आंतरराष्ट्रीय पार्सलांविषयीचा करार झाला. गलबतावरील मालाचा मालक व्यापारी असे; त्यास जकातीचे दर, कागदपत्रे व दलाल यांची माहिती असे. पार्सलाचा धनी कोणीही सामान्य मनुष्य असू शकतो. म्हणून कायद्याने त्याच्यासाठी सोपी रीत काढिली. १९६२ च्या अधिनियमाच्या मूळ कलम ८२ मध्ये पार्सलावरील पत्रक हेच आयातीचे निवेदन समजावे अशी तरतूद होती. परदेशी टपाल कचेरीत अधिकाऱ्याने पार्सल पाहून शुल्क ठरवावे आणि टपालवाल्याने ते दारी वसूल करावे, ही पद्धती अशा रीतीने रूढ झाली. थळमोड आता बाजारपेठेतून उठून थेट घराच्या उंबरठ्यावर आली.

हिशेबाची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतात शुल्काचे मूल्य ठरविताना वस्तूच्या किमतीत वाहतूक व विमा यांचा खर्च मिळविला जातो. त्यावर सीमाशुल्क, अधिभार लागू असल्यास तोही, आणि या साऱ्या बेरजेवर २०१७ पासून एकात्मिक वस्तू व सेवा कर, असा क्रम आहे. केवळ रीत दाखविण्यासाठी सीमाशुल्क १० टक्के व एकात्मिक कर १८ टक्के धरू. वाहतुकीसह १,००० रुपये मूल्याच्या वस्तूवर प्रथम १०० रुपये शुल्क. मग १,१०० रुपयांवर १९८ रुपये कर. एकूण देणे २९८ रुपये. दोन्ही टक्के सरळ मिळविणारा ग्राहक २८० रुपयांची अपेक्षा करतो. करावर कर का बसला, हे त्यास कोणी सांगितलेले नसते; आणि कुरिअर कंपनीने रक्कम आधी भरली असल्यास तिचे सेवाशुल्क त्यावर निराळे पडते.

५

सर्वच लहान पार्सलांवर कर घेऊ म्हटले तर वसुलीपेक्षा वसुलीचा खर्च अधिक होतो. क्षुल्लक गोष्टींची कायदा दखल घेत नाही, अशा अर्थाचे एक लॅटिन वचन आहे. त्यातील 'दे मिनिमिस' या शब्दांनी जकातमाफीची ही मर्यादा ओळखली जाते. अमेरिकेत १९३८ साली ती सर्वसाधारण मालासाठी अवघी १ डॉलर होती. १९७८ मध्ये ५, १९९३ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ८०० डॉलर झाली. वसुलीचा खर्च वाचविण्यासाठी काढलेली पळवाट काळाच्या ओघात व्यापाराचा हमरस्ता बनली. २०२४ च्या आर्थिक वर्षात या सवलतीखाली अमेरिकेत सुमारे १३६ कोटी पार्सले आली. युरोपीय संघात २०२४ साली १५० युरोंच्या आतील सुमारे ४६० कोटी पार्सले आली आणि त्यांतील बहुसंख्य चीनमधून निघालेली होती.

माफीमुळे व्यापाराचे स्थानच कसे बदलते, याचे एक छोटे पण बोधप्रद उदाहरण इंग्लिश खाडीतील जर्सी व गर्न्सी या बेटांचे होय. ब्रिटनमध्ये १८ पौंडांपर्यंतच्या आयातीवर मूल्यवर्धित कर नव्हता. तेव्हा संगीताच्या व चित्रपटांच्या तबकड्या या बेटांवरून एकेक करून ग्राहकांस टपालाने पाठविण्याचा मोठा धंदाच उभा राहिला. कर भरणाऱ्या मुख्य भूमीवरील दुकानदारांनी तक्रार केली. १ नोव्हेंबर २०११ पासून मर्यादा १५ पौंडांवर आली आणि १ एप्रिल २०१२ पासून या बेटांपुरती ती सवलतच रद्द झाली. बारदेशाच्या मिठाची कथा येथे तबकड्यांच्या रूपाने पुन्हा घडली.

भारतात अशीच वाट भेटवस्तूंच्या सवलतीतून निघाली. ठरावीक मूल्यापर्यंतची खरीखुरी भेट शुल्कमुक्त असे. परदेशी विक्रेते ग्राहकाने विकत घेतलेला माल 'भेट' म्हणून पाठवू लागले. अखेरीस १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने टपाल वा कुरिअरने भेट म्हणून माल सोडवून घेण्यास मनाई झाली. अपवाद दोनच राहिले : जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीबरोबरची भेटवस्तू मात्र अपवादात बसत नाही, हेही तेथे स्पष्ट करावे लागले. कौटिल्याने यज्ञ-विवाहाच्या साहित्यास दिलेली मोकळीक आणि तिच्या खोट्या वापराची वाटलेली धास्ती, या दोहोंचे प्रतिबिंब या अधिसूचनेत पडले आहे.

६

अलीकडच्या वर्षांत राज्यांनी निराळीच दिशा धरिली आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० डॉलरपर्यंतच्या आयात मालावरील कर परदेशी विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यावा, असे ठरविले. ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये १३५ पौंडांपर्यंत व युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून १५० युरोंपर्यंतच्या मालासाठी मूल्यवर्धित कराची अशीच व्यवस्था केली. अमेरिकेने आपली माफी २ मे २०२५ पासून चीन व हाँगकाँगच्या मालापुरती आणि २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांच्या मालापुरती थांबविली.

या शेवटच्या निर्णयाची झळ आपल्याकडे लगेच पोहोचली. वसुली कोणी व कशी करावयाची हे निश्चित नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेस जाणाऱ्या पार्सलांची नोंदणी थांबविली आणि लौकरच १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूही तीत आल्या. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबर रोजी, म्हणजे दिवाळी आठवड्यावर आली असता. अमेरिकेतील मुलाबाळांकडे फराळाचे डबे धाडण्याचे दिवस तोवर बहुतेक सरले होते. नव्या व्यवस्थेत अमेरिकेचे शुल्क, त्या वेळच्या दराने जाहीर मूल्याच्या ५० टक्के, भारतातच पाठविणाऱ्याकडून आगाऊ घेतले जाऊ लागले.

आपल्या जुन्या परिभाषेत या घडामोडीचे वर्णन नेमके करता येते. कराचा हक्क थळमोडीचा राहिला आहे. तो ज्या देशात माल पोहोचतो त्या देशाचाच आहे. वसुलीचे ठिकाण मात्र थळभरिताकडे सरकले आहे. पेशवाईत ज्या थळाची जकात त्या थळावर, आणि तेथील सरकारासाठीच, घेतली जाई. आता भरण्याच्या थळावर उभे राहून मोडण्याच्या थळाची जकात द्यावयाची, हा प्रकार नवीन आहे. त्यासाठी आपल्या भाषेत अद्याप शब्द नाही.

या बदलाने ग्राहकाचा एक मोठा लाभ होतो. एकूण किती द्यावयाचे हे त्यास खरेदीपूर्वीच कळते. दारातील आश्चर्य टळते. उलट बाजूने पाहता ओझे आता पाठविणाऱ्यावर येते. मोठी बाजारसंस्थळे हे ओझे सहज उचलतात. त्यांच्यापाशी प्रत्येक देशाच्या दरांचे गणित करणारी यंत्रणा असते. कोल्हापूरचा एखादा चपला करणारा कारागीर अथवा फराळ धाडणारी आजी यांच्यापाशी ती नसते. शिवाजी महाराजांनी जबर जकातीचा उपयोग लहान मिठागरवाल्यास तगविण्यासाठी केला होता. आजची वसुली-व्यवस्था ठरविताना लहान उत्पादक हा केवळ आयात करणाऱ्या देशातच असतो, असे गृहीत धरले जाते. निर्यात करणाऱ्या देशातील लहान माणूस हिशेबातून निसटतो.

यापुढील अभ्यासकाने या विषयाकडे केवळ करशास्त्राचा भाग म्हणून पाहू नये, असे सुचवावेसे वाटते. 'आयातदार', 'भेट', 'मूल्य', 'क्षुल्लक' हे चार शब्द व्यवहारात एका अर्थाने आणि कायद्यात दुसऱ्या अर्थाने वापरले जातात. ग्राहकाच्या बहुतेक तक्रारी या दोन अर्थांतील अंतरातून जन्मतात. ते अंतर कमी करावयाचे तर दारी येणाऱ्या पावतीवर मूल्य, वाहतूक, शुल्क, कर आणि सेवाशुल्क हे पाच रकाने सामान्य मनुष्यास कळेल अशा मराठीत स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजेत. शुल्कशाळेत आलेल्या व्यापाऱ्यास चार प्रश्न विचारण्याचा राज्याचा अधिकार फार पुरातन आहे. आपल्याकडून घेतलेल्या रकमेचा हिशेब मागण्याचा नागरिकाचा अधिकारही तितकाच मान्य व्हावयास हवा.