एका भागाचे दोन

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत इन्फोसिसच्या प्रशिक्षण केंद्राचे विस्तीर्ण आवार ज्याने पाहिले असेल, त्या मराठी माणसाला हे सांगावयास हवे की या कंपनीचा जन्म 1981 साली पुण्यात झाला, आणि तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी अभियांत्रिकीची पदवी 1967 साली याच म्हैसुरात संपादन केली. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने मात्र तिचा सारा इतिहास एका आकड्यात सामावला आहे. 1993 साली, तिच्या पहिल्या जाहीर भागविक्रीत लोकांनी हात आखडता घेतला असताना, 95 रुपये दराने ज्याने 100 समभाग घेतले व पुढे एकही विकला नाही, त्याच्या नावे 2018 पर्यंत 1,02,400 समभाग जमा झाले. म्हणजे संख्या दहा वेळा दुपटीने वाढली.

या दहांपैकी नऊ दुपटी बक्षीस समभागांच्या होत्या. खरे विभाजन एकच, 2000 सालच्या आरंभीचे; 10 अथवा 100 रुपयांच्या ठराविक दर्शनी मूल्याचे बंधन सेबीने 1999 साली उठविले, तेव्हाच त्याची वाट मोकळी झाली होती. बक्षीस समभाग देताना निदान गंगाजळीतील रक्कम भागभांडवलात वर्ग करावी लागते. विभाजनात तेवढाही फेरफार नाही. 10 रुपयांच्या एका भागाचे 5 रुपयांचे दोन होतात, बाजारभाव त्याच हिशेबाने निम्म्यावर येतो, आणि धारकाचा मालकी हक्क तसूभरही वाढत नाही.

कागदी प्रमाणपत्रांच्या जमान्यात, जेव्हा दलाल 50 किंवा 100 भागांच्या गठ्ठ्यानेच सौदा करीत, तेव्हा हजारोंच्या घरातला भाग लहान माणसाच्या आवाक्याबाहेर राही, व विभाजनाला व्यावहारिक अर्थ होता. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर एकेक भाग सुटा मिळू लागला, तरी निम्मा भाव म्हणजे स्वस्त माल हा समज मनातून गेला नाही, आणि मला तो घातक वाटतो. न्यूयॉर्कच्या बाजारातील 1927 ते 1959 या काळातील 940 विभाजने तपासून फामा, फिशर, जेन्सेन व रोल या अर्थतज्ज्ञांनी 1969 साली दाखवून दिले की असामान्य भाववाढ विभाजनापूर्वीच होऊन गेलेली असते. आपल्याकडेही 2000 च्या तेजीत, विभाजनानंतर भाव उतरला म्हणून ज्यांनी घाईने खरेदी केली, त्यांना पुढील वर्षभरात मोठी घसरण सोसावी लागली. त्यानंतर इन्फोसिसने बक्षीस समभाग पाच वेळा दिले, परंतु विभाजन पुन्हा केले नाही. तिच्या समभागाचे दर्शनी मूल्य आजही 5 रुपयेच आहे.