बर्गनचा जर्मन धक्का

नॉर्वेतल्या बर्गन बंदरात क्रूझ लागली की प्रवासी आधी ब्रिगेन गाठतात. पाण्याकाठच्या लाल-पिवळ्या लाकडी घरांचे फोटो सुंदर येतात. त्यामागचा व्यवहार मात्र रोखठोक होता.

सुमारे १३६०पासून इथे हान्सा या जर्मन व्यापारी संघाची पेढी होती. उत्तरेतल्या लोफोटेनकडून वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा यायचा आणि बदल्यात धान्य जायचं. उत्तरेत धान्य फारसं पिकत नसे. ते ल्युबेकमार्गे, जर्मनांच्या हातून येई. तेही बहुधा उधारीवर. उधारी फिटेना, की पुढचा मासाही त्याच व्यापाऱ्याकडे.

पेढीवरच्या माणसांनाही मोकळीक नव्हती. लग्न करायचं नाही. आगीच्या भीतीनं राहत्या घरात शेकोटीसुद्धा नाही. तरी १७०२मध्ये जवळजवळ सगळं जळालं. आज उरलेली घरं त्यानंतर जुन्याच आराखड्यावर बांधलेली. १७५४मध्ये जर्मन पेढी संपली आणि तिची जागा नॉर्वेजियन पेढीनं घेतली.

१९७९पासून ब्रिगेन जागतिक वारसा आहे. मासा गेला, प्रवासी आले. बाहेरच्या जहाजांवर जगणारं बंदर कोणाच्या अटींवर जगतं, हा प्रश्न मात्र तिथेच आहे.