खुर्द्यातून नाहीशी झालेली चांदी : 1940 ते 1943

जुन्या घरातील पेटीत किंवा देव्हाऱ्यात एखादा राणीछाप रुपया सापडला की आज त्याकडे पुराणवस्तू म्हणून पाहिले जाते. 1939 साली मात्र तो पुराणवस्तू नव्हता. वाण्याने परत दिलेल्या सुट्या पैशांत 1862 सालचा व्हिक्टोरियाचा रुपया येणे आणि तो दुसऱ्या दिवशी बाजारात खर्चून टाकणे यात कोणालाच काही विशेष वाटत नसे. 1835 च्या नाणेविषयक कायद्याने कंपनीच्या रुपयाचे वजन 180 ग्रेन आणि त्यातील शुद्ध चांदीचे प्रमाण बारा भागांत अकरा असे ठरविले, आणि राज्यकर्ते बदलले, मुकुटधारी बदलले, तरी हे प्रमाण एक शतकाहून अधिक काळ अढळ राहिले. रुपया हाच तोळा होता. ‘रुपयाभार’ हा आपल्या भाषेतील शब्द या स्थैर्याची साक्ष देतो. यामुळे कोणाच्याही कशातील मूठभर नाण्यांत सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा काळ एकत्र नांदत असे. ही स्थिती 1940 नंतरच्या तीन-चार वर्षांत पूर्णपणे संपली. ती कशी संपली याविषयी रूढ असलेले स्पष्टीकरण अपुरे आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जनतेच्या हातातील नाण्यांत जुनी किती व नवी किती, हा प्रश्न शासनालाही पडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी खजिन्यांत आलेल्या रुपयांची वर्षवार मोजणी करण्याची पद्धत सुरू झाली. 1868 साली जेव्हन्स यांनी इंग्लंडमधील सोन्याच्या नाण्यांसाठी जी रीत वापरली होती, तिच्या आधारे हॅरिसन यांनी या मोजणीवरून हिंदुस्थानातील एकूण रुपयांचा अंदाज बांधला. केन्स यांनीही 1913 च्या आपल्या हिंदी चलनविषयक ग्रंथात या अंदाजांचा विचार केला आहे. रीत सोपी आहे : एखाद्या वर्षी किती नाणी पाडली हे टाकसाळीच्या दप्तरावरून ठाऊक असते, नमुन्यात त्या वर्षाची नाणी शेकडा किती हे मोजता येते, यावरून एकूण चलन काढावयाचे. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीत आहे. सर्व वर्षांची नाणी सारखीच हिंडतात, त्यांची चांगली सरमिसळ होते, असे त्यात मानलेले असते.

या गृहीताला एक अडचण खुद्द टाकसाळीनेच निर्माण केली होती. कंपनीच्या रुपयावर 1840 हे साल पुढे दोन दशके तसेच कोरले जात राहिले. 1862 हे सालही 1874 पर्यंत बदलले नाही. मुंबईच्या टाकसाळीने त्या काळातील रुपयांवर बारीक ठिपके घालून वर्षांचा भेद राखला, हे नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. खजिन्यातील कारकुनाने ते ठिपके मोजले असतील अशी अपेक्षा करणे कठीण! तथापि ही अडचण गणिताने सावरता येण्याजोगी होती. लोकांनीच नाणे पाहून निवड करावयास आरंभ केल्यावर जी अडचण उद्भवली, ती मात्र सावरता येण्याजोगी नव्हती.

‘हीन चलन उत्तम चलनाला हुसकून लावते’ हा ग्रेशमचा नियम येथे सांगण्याचा प्रघात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळाला तो बराचसा लागूही पडतो. रुपयाचा दर 16 पेन्स असताना लंडनमध्ये चांदीचा भाव औंसाला 43 पेन्सच्या वर गेला की रुपया वितळविणे फायद्याचे ठरे. 1917 मध्ये ही मर्यादा ओलांडली गेली. त्याच वर्षी नाणी वितळविण्यास बंदी झाली, एक रुपयाची नोट निघाली, आणि पुढील वर्षी अमेरिकेच्या पिटमन कायद्यान्वये तेथील डॉलर वितळवून मिळालेली 20 कोटी औंसांहून अधिक चांदी हिंदुस्थानकडे आली.

1940 ची गोष्ट वेगळी होती. रुपयाचा दर तेव्हा 18 पेन्स होता. म्हणजे वितळविण्याची मर्यादा 48 पेन्सच्या पुढे गेली होती. लंडनमधील प्रत्यक्ष भाव मात्र 20 ते 24 पेन्सच्या आसपास घोटाळत होता. रुपयातील चांदीची किंमत त्याच्या दर्शनी मूल्याच्या निम्म्याच्या जवळपास होती. अशा रुपयाला वितळवून कोणाचेही भले होणार नव्हते, आणि तरीही जूनमध्ये फ्रान्सच्या पाडावाची वार्ता येताच लोकांनी नोटा देऊन रुपये घेण्यासाठी गर्दी केली. गरजेपेक्षा अधिक नाणी बाळगणे हा गुन्हा ठरविणारा हुकूम सरकारला त्याच महिन्यात काढावा लागला. हा संचय नफ्यासाठी नव्हता. जे राज्य नोटेवर वचन देते ते राज्यच टिकेल काय, या शंकेतून तो झाला. ग्रेशमच्या नियमात या शंकेला जागा नाही.

यानंतर शासनाने जे उपाय योजले त्यांनी निवडीला खरी धार आली. एक रुपयाची नोट 1940 मध्ये पुन्हा निघाली आणि कायद्याने तिला नाण्याचाच दर्जा मिळाला. त्याच वर्षी प्रथम पावली, मग अधेली आणि वर्षअखेर रुपया नव्या मिश्रधातूत पाडला जाऊ लागला : चांदी निम्मी, तांबे शेकडा 40, निकेल व जस्त प्रत्येकी 5. आकार तोच, वजन तेच, सहाव्या जॉर्जचा मुखवटाही तोच. फरक साल आणि कड यांत. बनावट टाळण्यासाठी रुपयाच्या कडेला खाच ठेवून तीत नक्षी घातली होती. याचा परिणाम असा झाला की, पूर्वी केवळ सराफ करीत असे ती पारख आता सामान्य माणूस करू लागला. नाणे वाजवून पाहावयाचे, कडेवरून अंगठा फिरवावयाचा, साल वाचावयाचे आणि 1939 किंवा त्याआधीचे असेल तर ते बाजूला ठेवावयाचे. 1939 सालचा रुपया आज अत्यंत दुर्मीळ मानला जातो. तो फक्त मुंबईत पाडला गेला, आणि पूर्ण चांदीच्या रुपयांत तो शेवटचा.

जुनी नाणी रद्द करण्याचा क्रमही मननीय आहे. व्हिक्टोरियाचे रुपये व अधेल्या 1941 मध्ये, एडवर्डच्या 1942 मध्ये, पाचव्या जॉर्जच्या आणि सहाव्या जॉर्जच्या पूर्ण चांदीच्या 1943 मध्ये चलनातून बाद झाल्या. या सर्वांतील चांदी सारखीच होती. धातूच्या दृष्टीने व्हिक्टोरियाला आधी बाद करण्याचे काहीच कारण नव्हते. कारण प्रशासकीय असावे असे आम्हांस वाटते : मुखवटा पाहून नाणे ओळखणे खेड्यातील माणसालाही जमते, आणि सर्व नाणी एकाच वेळी मागविली असती तर तेवढी बदली नाणी टाकसाळींना पाडता आली नसती. परंतु राणीछाप रुपया अधिक शुद्ध असतो ही जी समजूत अजूनही ऐकू येते, तिचा उगम काही अंशी याच क्रमात शोधता येईल. सरकारने जो आधी मागितला तोच सर्वांत उत्तम असला पाहिजे, असे लोकांनी मानले असल्यास त्यात नवल नाही.

या विवेचनाचा संशोधनपद्धतीशी थेट संबंध आहे. भिंतीत वा जमिनीत सापडणारे विसाव्या शतकातील रुपयांचे निधी हे तत्कालीन चलनाचे प्रातिनिधिक नमुने समजून त्यांवरून चलनाची घडण मांडण्याची चूक सहज होते. 1940 ते 1943 मध्ये पुरलेला निधी हा पारखून घेतलेला निधी आहे. त्यात 1940 नंतरचे रुपये नाहीत म्हणून तो 1940 पूर्वीचा ठरत नाही. निधीतील सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून त्याचा काळ ठरविण्याची आपली नेहमीची कसोटी येथे फसते. मराठवाड्यातील निधींच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागेल. तेथे निजामाचा हाली सिक्का चालत असे, सात हाली रुपयांना सहा कलदार असा त्याचा हिशेब असे, आणि युद्धकाळात त्यातील चांदीही निम्म्यावर आली. म्हणजे त्या भागातील माणसाने एक सोडून दोन चलनांतून निवड केलेली असणार.

युद्धाच्या अखेरच्या वर्षांत अमेरिकेने उसनवारीच्या करारान्वये हिंदुस्थानला सुमारे 22 कोटी 60 लाख औंस चांदी दिली. ती चांदी म्हणूनच परत करावयाची होती, आणि फाळणीनंतर हे देणे भारत व पाकिस्तान यांच्यात वाटले गेले. 1947 मध्ये निकेलचा रुपया आल्यावर निम्म्या चांदीची नाणीही परत घेण्यात आली, आणि त्यांतील चांदी वेगळी काढण्यासाठी कलकत्त्यात अलीपूर येथे शुद्धीकरणाचा कारखाना उभारला गेला. 1957 मध्ये, ज्या वर्षी दशमान नाणी सुरू झाली त्याच वर्षी, ही परतफेड पूर्ण झाली. लोकांनी पारखून बाजूला ठेवलेले पूर्ण चांदीचे रुपये घरोघरी राहिले. ज्यांना कोणी राखले नाही ते निम्म्या चांदीचे रुपये वितळून अमेरिकेस गेले.